सरकारदारी नेसलेलं लुगडं

दाजी गेल्याची तार मी स्वतःच घेतली. पिंगळी स्टेशन लहान. तारही मीच घेतो, तिकिटंही मीच फाडतो आणि बावटाही मीच दाखवतो. आम्हा तारवाल्यांची एक खोड असते... हात लिहीत जातो, अर्थ मागाहून कळतो. यंत्र कडकट्ट कडकट्ट वाजत होतं, मी अक्षरामागून अक्षर उतरवत होतो, आणि बाहेर दोन हमाल बिडीवरून भांडत होते त्यांच्याकडे माझा अर्धा कान होता. कागदावर माझंच नाव उमटलं तेव्हासुद्धा मी दचकलो नाही, वाटलं बदलीची असेल. पुरी तार उतरवली, रिवाजाप्रमाणे 'पोचली' म्हणून उलट खूण दिली आणि मग कागद हातात घेऊन वाचला. औरंगाबादहून दाजींच्या जावयाने पाठवली होती. दाजी पहाटे झोपेतच गेले होते. लगेच उठून घरी जावं तर अलीकडच्या स्टेशनावरून मालगाडी सुटलेली होती. तिला वाट देऊन, शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत बावटा धरून मी फलाटावर उभा राहिलो.

माझी थोरली बहीण अक्का, म्हणजे दाजींची बायको, त्या आठवड्यात आमच्याच क्वार्टरात होती. माझ्या बायकोला बरं नव्हतं म्हणून मदतीला आली होती. अंगणात गहू निवडत बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तिने माझ्या हातातला कागद पाहिला. "कुठली रे?" म्हणाली. मी म्हणालो, "औरंगाबादची." ती सुपातला एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "त्यांना तिथला साहेब भेटला का, तेवढं सांग." मी म्हणालो, "अक्का... दाजी गेले." ती रडली नाही. सूप बाजूला सरकवलं, हात लुगड्याला पुसले आणि विचारलं, "गाडी कितीला हाय?"

याला आता महिना उलटून गेला. पुरवणीच्या वाचकांना दाजींचं नाव माहीत असायचं काही कारण नाही. माणूस नायब तहसीलदार म्हणून खुर्चीवर बसला आणि नायब तहसीलदार म्हणूनच पेन्शनीत निघाला. त्यांच्या हाताखालचे कारकून तहसीलदार झाले, बंगल्यात राहायला गेले, दाजी होते तिथेच राहिले. हे का झालं ते मला ठाऊक आहे, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टींना मी हजर होतो. आणि ते कोणी सांगणार नाही, म्हणून हा रेल्वेचा माणूस लेखणी घेऊन बसला आहे. भाषेत चूकभूल झाली तर वाचकांनी पोटात घालावी.

दाजी निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेले. उंच, सडसडीत, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. पोलीस ॲक्शननंतर कचेरीचा कारभार हळूहळू मराठीत आला, पण दाजींच्या तोंडातून दरखास्त, रूबरू, मंजूर, नामंजूर हे शब्द काही गेले नाहीत. अक्काने वरणात मीठ जास्त घातलं की म्हणायचे, "वरण नामंजूर." मला ते 'सालेसाहेब' म्हणत, आणि मी रेल्वेत असल्यामुळे देशातली प्रत्येक गाडी माझ्यामुळेच उशिरा येते असा त्यांचा दावा होता. पैशाच्या बाबतीत माणूस धुतल्या तांदळासारखा. कोणाच्या घरचा आंबासुद्धा घेतला नाही. गर्व एकाच गोष्टीचा होता, तो आपल्या नजरेचा. "माणूस दारातून आत आला की मला कळतं," असं म्हणायचे आणि मिशीवरून बोट फिरवायचे. त्या नजरेनेच त्यांना एकदा असं तोंडघशी पाडलं की पुढचं सगळं आयुष्य ते त्याची भरपाई करत राहिले.

निजामी संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. पावसाने पाठ फिरवली आणि ज्वारी कणसातच वाळून गेली. धडधाकट माणसांसाठी सरकारने खडी फोडायची कामं काढली. ज्यांच्याने काम होण्यासारखं नाही, म्हणजे म्हातारेकोतारे, अपंग, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्या बाया, अशांना फुकट ज्वारी द्यायची असं ठरलं. योजना चांगली होती. पण ज्वारी कोणाला द्यायची हे ठरवायची रीत जुन्या राजवटीतलीच उचलली होती. मागणाऱ्याने अधिकाऱ्यासमोर रूबरू उभं राहायचं आणि अधिकाऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहून निकाल द्यायचा. या पाहण्याला मुलाहिजा म्हणायचे. दाजी तेव्हा मानवतला राहत आणि या कामासाठी सेलूला मुक्काम टाकत. झाडाखाली टेबल, बाजूला ज्वारीची पोती, आणि समोर आजूबाजूच्या खेड्यांतून चालत आलेल्या लोकांची ही रांग. दिवसभर एकेकाने पुढे यायचं आणि दाजींनी नजर टाकायची.

त्या वेळी मी मानवतरोड स्टेशनावर होतो. सुट्टी असली की जेवायला अक्काकडे. एकदा असाच गेलो, तर दाजी सेलूहून नुकतेच आलेले आणि भलतेच खुशीत. "आज एक नमुना आला होता," भाकरी मोडता मोडता म्हणाले. "वालूरची बाई. कोंडाबाई. नवरा लकव्याने पडून आहे म्हणते, पदरात दोन लेकरं. आणि नेसून काय आली? हिरवंगार इरकली, रुईफुली काठाचं! मी म्हणालो, बाई, असलं लुगडं आमच्या घरात नाही, ज्वारी तुम्हीच आम्हाला द्या. सगळी रांग हसली."

"मग?" अक्काने विचारलं.

"मग काय, नामंजूर. एक शब्द न बोलता निघून गेली. तिच्या मागे एक म्हातारा होता, धोतराच्या नुसत्या चिंध्या, डोळ्यांत पाणी. त्याला तिथल्या तिथे मंजूर. आपली नजर धोका खात नाही, सालेसाहेब."

अक्का काही वेळ भाकरी थापत राहिली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "अहो, तुमी मला बघायला आलात तवा मी काय नेसले होते, आठवतं का?"

दाजी एकदम खुलले. "विसरतो की काय! जांभळं नारायणपेठी. काठाला जर. मी तर तिथल्या तिथेच..." आणि माझ्याकडे पाहून थांबले. "पण लग्नानंतर ते कधी दिसलंच नाही. दोन-तीनदा विचारलं तुला. पेटीत आहे म्हणालीस."

"ते मामीचं होतं. तुमची बैलगाडी वेशीबाहेर पडली की घडी घालून परत दिलं."

हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरी त्या एका नारायणपेठीत पसंत झाल्या होत्या. पण मेहुण्याच्या पंक्तीला बसून असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, म्हणून मी ताटात मान घातली. अक्का मात्र थांबली नाही. "तुमच्या नजरेनं तवाच मला नामंजूर करायला पायजे होतं," ती म्हणाली. "मोठं माणूस समोर येणार म्हटलं की आमी मागून आणून नेसतो. फसवायला न्हाई. आपली लाज राहावी अन् त्याचाबी मान राहावा म्हणून. ती बाई सरकारच्या दारात आली होती. फाटकं नेसून कशी येईल? अन् ज्याला कसलीच लाज न्हाई तो येईल की चिंध्या लावून." दाजींच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यांनी ताटात पाणी सोडलं आणि उठले. अर्धी भाकरी ताटात होती. त्या वर्षी आमच्यासारख्यांच्या घरातसुद्धा कोणी भाकरी टाकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी माझ्या स्टेशनावर हजर. "वालूरला जायचंय. चला." मी रजा टाकली. सेलूपर्यंत गाडीने आणि पुढे बैलगाडीने आम्ही निघालो. वाटेत दाजी एवढंच म्हणाले, "घरी जाऊन पाहिलं म्हणजे खरं ते दिसेल." मीही मान हलवली. आम्हा दोघांनाही हे सुचलं नाही की कचेरीत जाताना जी बाई लुगडं मागून आणते, ती साहेब घरी येतोय म्हटल्यावर काय काय मागून आणेल! आणि खेड्यात साहेबाच्या गाडीआधी साहेबाची बातमी पोचते.

कोंडाबाईचं घर म्हणजे दोन खण. जमीन नुकतीच सारवलेली, ओलसुद्धा वाळली नव्हती. आम्हाला बसायला निळ्या पट्ट्यांची सतरंजी. कोपऱ्यात घासून लख्ख केलेली पितळी घागर, भिंतीशी झाकणं लावलेल्या उतरंडी, एका दुरडीत फडक्याखाली झाकलेल्या भाकरी. आतल्या बाजेवर नवरा पडलेला, त्याच्या अंगावर कोरी चादर. कपबशीतून चहा आला, त्यात साखर! त्या वर्षी साखर आमच्या मानवतला मिळत नव्हती. कोंडाबाई दारामागे उभी होती, अंगावर तेच हिरवं इरकली. तिशीची असेल, पण गालफडं बसलेली. दाजी चहाकडे बघत होते आणि मी दाजींकडे. त्यांच्या नजरेला आज सगळं दिसत होतं आणि त्यातलं काय खरं धरावं हे कळत नव्हतं.

तेवढ्यात शेजारची एक म्हातारी दारात आली. सरूआजी तिचं नाव. तिला आम्ही दिसलो नाही की दिसूनही तिने पर्वा केली नाही, देव जाणे. "कोंडे, माजी दुरडी दे गं," ती म्हणाली. "पोरं रडायलीत भाकरीसाठी. अन् त्या मास्तरीनबाई कपबशी कवा देनार म्हून इचारायल्यात."

कोंडाबाईने पदर तोंडाशी धरला. दाजींनी घाईघाईने चहा संपवला, जीभ पोळली असणार, आणि कपबशी स्वतःच्या हाताने आजीला दिली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. निजामी कचेरीत वाढलेला तो माणूस, मी त्यांना कोणापुढे टोपी काढताना पाहिलं नव्हतं. "बाई, काल माझी चूक झाली," ते म्हणाले. "सेलूला या. तुमची ज्वारी मंजूर करतो."

"म्या येनार न्हाई," कोंडाबाई म्हणाली.

"अहो, पण रूबरू आल्याशिवाय देता येत नाही. कायदा तसा आहे."

"कायदा आसंल. लोक हासले मला. ज्वारी मिळू नायतर न मिळू, तितं परत म्या उबी ऱ्हानार न्हाई." एवढं बोलून ती आत नवऱ्यापाशी जाऊन बसली.

खरी अडचण ही होती. बाईला ज्वारी हवी होती, सरकारला द्यायची होती, पोती सेलूला पडून होती, आणि दोघांच्या मध्ये तो मुलाहिजा उभा होता. घरात दाणा नव्हता हे आता आंधळ्यालाही कळलं असतं. बाहेर लिंबाखाली येऊन दाजी सरूआजीला म्हणाले, "आजी, मग आम्ही ओळखायचं तरी कसं?" आजीने दुरडी कमरेवर घेतली. "तुमी अंगावरलं बघून ठरवायलाव. आमाला इचारलं का कुनी? आमच्याकडं बाया पीठ-मीठ मागायला येत्यात. द्यायचं, घ्यायचं, चालूच ऱ्हातंय. पन एकांदी मागायला यायचीच बंद झाली म्हंजी समजायचं, तिच्याकडं आता परत द्यायलाबी काई न्हाई. लाजंनं घरात बसती. कोंडी म्हैना झाला आली न्हाई. आज आली ती तुमच्यासाटी चादर मागायला." मग तिने स्वतःहूनच सांगून टाकलं, "अन् तो फाटक्या धोतराचा म्हातारा... त्याच्याकडं बैलाला सरकी हाय अजून."

परतीच्या वाटेवर बैलगाडी निम्म्यावर आली. दाजी म्हणाले, "सालेसाहेब, आपण मुलाहिजा बंद करतोय." मी हसलो. नायब तहसीलदाराने सरकारी रीत बंद करायची म्हणजे मी मानवतरोडला बसून मुंबई मेल थांबवण्यासारखं होतं. पण पुढच्या आठवड्यात दाजींनी खरंच केलं ते. वालूरच्या प्रत्येक वस्तीत गेले, गावकुसाबाहेरच्याही, आणि बायांना एकच विचारलं: घरात पीठ संपलं तर कोणाकडे जाता? ज्या बायांची नावं पुन्हा पुन्हा आली, त्यांना दाजींनी विचारलं की तुमच्याकडे यायचं कोणी बंद केलंय. आणि ज्वारीची पोती गाडीत घालून वालूरला नेली. ज्याचं त्याने आपल्या गल्लीत, आपल्या शेजारणीकडून घ्यायचं. टेबल नाही, रांग नाही, साहेबासमोर उभं राहणं नाही. कोंडाबाईची ज्वारी सरूआजीने आपल्या दुरडीतून नेऊन घातली. म्हाताऱ्याचं नाव गळलं. तो बोंबलत मानवतपर्यंत आला आणि दाजींच्या ओट्यावर बसून राहिला, तर अक्काने त्याला चहा दिला आणि धोतराला ठिगळ लावून देऊ का म्हणून विचारलं. तो जो गेला तो परत आला नाही.

पण असल्या गोष्टी परभणीला कळल्याशिवाय राहतात थोड्याच! वरच्या साहेबांचं म्हणणं आलं की, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय धान्य वाटलं तर उद्या सगळा तालुका गरीब होईल, आणि ते स्वतः वालूरला येऊन ज्यांना ज्वारी मिळाली त्यांना पाहणार आहेत. दोष आढळला तर वाटप बंद, आणि नायब तहसीलदारांना घरी बसावं लागेल. मी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. कारण साहेब येणार म्हटल्यावर वालूरच्या बाया काय करणार, हे आता मला पाठ झालं होतं. सगळ्या मिळून गावातलं असेल नसेल ते नेसून उभ्या राहणार आणि साहेब म्हणणार, ह्या गरीब?

मी दाजींना म्हणालो, "एक निरोप धाडा. त्या दिवशी आपलं आहे तेच नेसून या म्हणावं. बस्स. नोकरी वाचेल, ज्वारीही वाचेल."

दाजी म्हणाले, "फाटकं नेसून या, असा निरोप धाडू?"

"मग काय झालं? खरं तेच तर दिसेल."

"म्हणजे मी पुन्हा मुलाहिजाच केला की हो! फरक एवढाच की आधी लुगडं पाहून हाकललं, आता चिंध्या दाखवा म्हणून बोलावतोय. नाही जमायचं." मी बराच वेळ डोकं आपटलं. शेवटी अक्काकडे वळलो, वाटलं ही तरी संसाराचं बघेल. तर ही बाई पेटी उघडून दाजींची चांगली शेरवानी बाहेर काढत होती. म्हणाली, "तेबी साहेबापुढं चाललेत. बरं काही घालून जाऊ दे." त्या नवराबायकोपुढे मी हात टेकले.

पाहणीच्या दिवशी मी दाजींबरोबर गेलो होतो. चावडीसमोर बाया उभ्या होत्या, आणि मला वाटलं होतं तसंच. जांभळी, लाल, हिरवी लुगडी. कोणाच्या हातात कोऱ्या बांगड्या, कोणाच्या नाकात दुसरीची नथ. गावातल्या सगळ्या लग्नांतले कपडे त्या दिवशी एकत्र झाले होते. साहेब तरुण होते, टेबलाशी बसले आणि बायांकडे पाहून हसायलाच लागले. दाजींना म्हणाले, "हे तुमचे गरीब का?" दाजी म्हणाले, "जी." त्यापुढे एक अक्षर बोलले नाहीत. माझी तर जीभ वळवळत होती. साहेबांनी कोंडाबाईला पुढे बोलावलं. मला वाटलं आता ही सेलूसारखीच मान खाली घालून निघून जाणार आणि सगळंच संपणार.

"हे लुगडं कोणाचं, बाई?" साहेबांनी विचारलं.

"पाटलीनबाईचं हाय," कोंडाबाई म्हणाली. सरळ बघून.

"मग तू का नेसलीस?"

"तुमी येनार म्हून."

तेवढ्यात मागून सरूआजी म्हणाली, "तुमच्या घरी कुनी मोटा मानूस आला तर तुमच्या मालकीनबाई काय फाटकं नेसून म्होरं येत्यात व्हय, साहेब?" चावडीवरचे लोक हसले, आणि त्या दिवशी ते कोंडाबाईला हसले नाहीत. साहेबांचे कान लाल झाले. माणूस वाईट नसावा. त्यांनी सगळ्यांना जायला सांगितलं आणि चहा घेतला. पुढचं पीक हातात येईपर्यंत वालूरला ज्वारी दाजींच्या रीतीने देत राहायला त्यांनी परवानगी दिली. कोंडाबाईच्या घरात ज्वारी येत राहिली आणि तिचा नवरा पुढे दोन पावसाळे जगला. दाजींना मात्र विनापरवानगी रीत मोडल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. दर वेळी बढतीची गोष्ट निघाली की ती ताकीदही निघायची.

पुढे आम्ही मुंबई राज्यात गेलो. नवे कागद, नवे साहेब, नव्या योजना आल्या. म्हाताऱ्या आणि निराधार माणसांना मदत सुरू झाली, चांगलं झालं. पण त्यातही रूबरू पाहणी आलीच. कोणीतरी परभणीला बसून ठरवणार की हा म्हातारा पुरेसा म्हातारा दिसतो का आणि ही बाई पुरेशी गरीब दिसते का. दाजी तेव्हा पेन्शनीत निघाले होते. परभणीच्या आपल्या घरात आरामात पेपर वाचत बसावं, तर हा माणूस उठून ह्या कचेरीतून त्या कचेरीत. शेजाऱ्यांना विचारा, म्हणून सांगत फिरायचा. कारकून म्हणायचे, आला म्हातारा. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला सांगू. मी म्हणायचो, दाजी, तुमचं काय अडलंय? ते म्हणायचे, "सालेसाहेब, गरिबी अंगावर दिसली पाहिजे असा हट्ट धरला की ज्याला लाज आहे तो उपाशी राहतो. मी हे एका बाईच्या बाबतीत केलं आहे." शेवटी औरंगाबादच्या मोठ्या साहेबांना समक्ष भेटून सांगतो म्हणाले आणि लेकीकडे जाऊन राहिले. साहेब रजेवर होते. दाजी तिथे बाकावर बसून आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसून आले, आणि तिसऱ्या दिवशी मला तार घ्यावी लागली. अक्काने अंगणात मला साहेबाबद्दल जे विचारलं, त्याचं उत्तर नाही असं होतं. ते मला जावयाकडून कळलं आणि परतीच्या गाडीत मी तिला सांगितलं. माझा संताप अजून गेलेला नाही. रूबरू या, रूबरू या म्हणणारं सरकार, आणि हा माणूस रूबरू गेला तर खुर्ची रिकामी!

दाजींची एक सवय सांगायची राहिली. मामीच्या नारायणपेठीची गोष्ट कळल्यापासून त्यांना चाळाच लागला होता. अक्का नवं लुगडं नेसून आतून बाहेर आली की दाजी पेपर खाली करायचे आणि चष्म्यावरून बघत विचारायचे, "हे कोणाचं?" अक्का म्हणायची, "माझंच हाय. नामंजूर करता का?" दहा वर्षं हे चाललं. दिवाळी असो, लेकीचं लग्न असो, पाहुणे बसलेले असोत. पाहुण्यांना काही कळायचं नाही आणि हे दोघं हसायचे.

दिवसवार झाल्यावर माहेरचं म्हणून मी अक्काला दुखवट्याचं लुगडं घेऊन गेलो. साधं, राखी रंगाचं. ती आत जाऊन नेसली आणि बाहेर येताना उंबऱ्याशी थांबली. दाजींच्या खुर्चीकडे तोंड करून, थोडा वेळ, तशीच. आम्ही सगळे खाली बघत बसलो. मग ती येऊन माझ्याशेजारी बसली, चहा झाला का म्हणून सुनेला विचारलं. तोपर्यंत तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता आणि आम्हाला त्याची काळजी लागली होती.

त्याच दिवशी दुपारी वालूरहून कोंडाबाई आली. आता केस पिकलेत. आमच्या नात्यातल्या बायका तिच्याकडे बघून एकमेकींना खुणा करायला लागल्या, कारण भेटीला यायचं म्हणजे माणूस बरं नेसून येतं, आणि हिचं लुगडं विटलेलं, गुडघ्यावर वेगळ्या रंगाचं भलंमोठं ठिगळ, पदर दोन ठिकाणी शिवलेला. अक्का उठून उभी राहिली. तिची नजर त्या ठिगळावर जी गेली ती हलेनाच. कोंडाबाईच्या ते लक्षात आलं. तिने पदर सारखा केला नाही की ठिगळावर हात ठेवला नाही.

"माजंच हाय, आक्का," ती म्हणाली. "पाटलीनबाई देत व्हत्या त्यांचं. म्या म्हनलं, ह्या घरी कशाला?"

अक्काने तिला दोन्ही हातांनी ओढून जवळ घेतलं आणि तार आल्यापासून पहिल्यांदा रडली.